रांजणावरची पांढरी भुकटी

आमच्या बिल्डिंगमध्ये पाचव्या मजल्यावर एक बाई राहतात. बँकेत आहेत, एकट्याच. त्यांनी काचेच्या पेटीत परदेशी अजगर पाळलाय. कागदपत्रं सगळी केलेली आहेत म्हणतात. असतील. इंग्रजीत असणार, मला दाखवून उपयोग नाही, माझी शाळा चौथीत सुटली. गेल्या मे महिन्यात भर दुपारी लाइट गेली, एसी बंद पडला आणि या बाई घामाघूम होऊन माझ्या दारात उभ्या. सातव्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याच्या घरी पूर्वी साप असायचे, असं कोणीतरी त्यांना सांगितलेलं. विचारतात, काका, तुमच्याकडे तेव्हा एसी कुठे होते, मग उन्हाळ्यात सापांचं काय करायचात? मी म्हटलं, हे माझ्या बायकोला विचारायला हवं होतं, तुम्ही उशिरा आलात. मथुरा जाऊन तेव्हा वर्षही पुरं झालं नव्हतं. बाईंचा चेहरा पडला, मग मलाच वाईट वाटलं आणि खाली गेलो. पेटी खिडकीला लागून होती. काचेला हात लावला तर चटका बसला. आत ते जनावर तोंड उघडं टाकून वर चढायला बघत होतं. मी सांगितलं, ही पेटी आधी आतल्या पॅसेजमध्ये घ्या, खाली फरशीवर ठेवा, पाण्याचं भांडं आत असू द्या, वरून ओली चादर टाका पण हवेला फट ठेवा. त्यांनी केलं. मग मला म्हणतात, ओल्या कापडाने खरंच फरक पडतो? पडतो. पण एका उन्हाळ्यात आमच्याकडे पडला नव्हता, आणि त्यापायी माझा संसार मोडायला आलेला. ते लिहून ठेवतो. सांगणारी गेली, आता मीच उरलोय.

आमचं घर खाडीकडे तोंड करून होतं, आता तिथे टॉवर आहेत आणि त्यांना इंग्रजी फुलांची नावं आहेत. आबा, म्हणजे माझा बाप, मिठागरात कामाला. पहाटे मिठागरातून लाकडी फळीचा आवाज यायचा, खरर्, खरर्, मीठ ओढून बांधावर घ्यायचे तो. तो आवाज थांबला की समजायचं ऊन चढलं, आता आबा पेज प्यायला येणार. तांदळाची पेज, बरोबर भाजलेलं सुकट, कैरीची फोड. पेजेत मीठ कमी पडलं तर आई डबा पुढे सरकवायची, आणि आबा चिमूट जिभेवर ठेवून डोळे मिटायचा. कुठल्या वाफ्यातलं मीठ आहे ते सांगायचा. वरच्या, खालच्या, की पलीकडच्या. आम्ही त्याला फसवायला मुद्दाम मिसळून द्यायचो तर म्हणायचा, दोन वाफ्यांचं हाय, मला येडा समजता का. कधी चुकला नाही. आमच्या घरातल्या सगळ्या वस्तूंना मिठाचा वास होता. कपडे, गोणपाट, खाटेची सुंभं, आत्याचे केसही. आत्या म्हणजे आबाची मोठी बहीण, विधवा, आमच्यातच राहायची आणि घरात कोण काय करतं यावर तिचा डोळा असायचा.

साप पाळायचं खूळ आबाचं. खूळ लोकांच्या लेखी. उन्हाळ्यात बांध तापला की बिळातनं साप बाहेर यायचे आणि मिठागरातली माणसं फळीने ठेचायची. आबाने एकदा अशी एक अर्धमेली धामण घरी आणली, हळद लावली, वाचवली. तिचं नाव शेवंती. धामणीला विष नसतं, उंदरांचा मात्र ती काळ असते. दिवसा ती रांजणात झोपायची, अंधार पडायच्या आत आबा तिला भाताच्या खोलीत सोडायचा, सकाळी पुन्हा रांजणात. आमच्या भाताला उंदीर लागलेला मी लहानपणी बघितला नाही. मग अजून एक धामण आली, मग एक मांडूळ. हल्ली असं घरात ठेवलं तर वनखात्याची माणसं येऊन उचलतील, आणि बरोबर करतील, मला त्यावर वाद घालायचा नाही. तेव्हा कायदा नव्हता, आबा होता. त्याची शिकवण एकच. सापाच्या अंगात स्वतःचा थंडावा नसतो, तो आपण द्यायचा. रांजणात हात घातला की विहिरीच्या आतल्या दगडाला लावल्यासारखं वाटलं पाहिजे. तसं वाटलं नाही तर साप मेला समजा, दोन दिवस आधी नाहीतर नंतर. मला तो रोज हात घालायला लावायचा. मी घाबरायचो ते सापाला नाही, चुकीचं सांगितलं तर बसणाऱ्या थोबाडीला.

मी वागळे इस्टेटीत एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो त्याच वर्षी आमच्या घरात तीन गोष्टी एकदम नव्या आल्या. जमिनीचा एक तुकडा विकला गेला त्यातून आबाने जुनं गवताचं छप्पर काढून पत्रे टाकले. मातीची जमीन जाऊन शहाबादी फरशी आली. आणि मथुरा आली, खडवलीकडची, नदीकाठच्या गावातली, माझी बायको म्हणून. पत्र्यांचं आबाला इतकं कौतुक की येणाऱ्या-जाणाऱ्याला तो काठीने वाजवून दाखवायचा. फरशीवर तर आत्या पाय पुसून चढायची. आधी रांजण अर्धा जमिनीत पुरलेला असायचा. फरशी घालताना तो बाहेर काढला आणि पडवीत भिंतीशी उभा केला, शेजारी मांडुळाचं मडकं. आबा म्हणाला, गोणपाट गुंडाळा आणि सारखं ओलं ठेवा, तेवढंच गार राहील. गोणपाट घरात मिठाचेच, दुसरे कुठून आणणार? पाणी मागच्या विहिरीचं, मचूळ. गोड्या पाण्याची विहीर लांब, ते डोक्यावरून आणायचं ते फक्त प्यायला आणि भाताला. रांजण भिजवायचं काम नव्या सुनेकडे आलं. घरात तिचं ऐकणारं कोणी नव्हतं.

मथुरा सापांना घाबरायची. लपवायची नाही. पहिल्या दिवशी तिने मला विचारलं, तुमच्यात भाताला राखण म्हणून मांजर ठेवत नाहीत का? मी हसलो, ती हसली नाही. पण काम चोख. सकाळी, दुपारी, पुन्हा उन्हं कलताना, घागरभर पाणी गोणपाटावर घालायची. जमिनीवर सांडलेलं पुसायची. कोणी सांगितलं नव्हतं तरी एक जास्तीची फेरी मारायची.

एप्रिल संपता संपता मांडूळ मेलं. मडक्यात वळकटी होऊन पडलेलं, अंग दोरीसारखं सैल. आबा जेवला नाही. त्याला लगेच नामदेव आठवला. नामदेव आमचा शेजारी, बांधावरून त्याचं आणि आबाचं जुनं वैर. मांडूळ पुरलेलं सोनं दाखवतं असल्या गोष्टी तो गावभर सांगायचा, दोनदा मागायलाही आलेला आणि आबाने त्याला हाकलला होता. आता मडकं बाहेर काढलं तर गोणपाटाखाली त्यावर पांढरी भुकटी दिसली. बारीक, दळलेल्या पिठासारखी. आत्याने बघितली आणि पदर तोंडाला लावला. तिच्या मते कोणीतरी काहीतरी टाकलेलं. रांजणावरही तीच होती, खालच्या अंगाला जास्त. मी ती बघितली आणि माझ्याच तोंडून निघून गेलं की आमच्या कारखान्यात अशा भुकटीचे ड्रम असतात, वर कवटीचं चित्र असतं, मुकादम सांगतो बोट लागलं तरी धुवा, तोंडात गेली तर घरी फोटो लागेल. हे बोललो नसतो तर पुढचं बरंच टळलं असतं. पण खरं होतं ते बोललो.

मग आबा राखण बसला. मिठागरात खाडा करून भर दुपारी ओट्यावर खाट टाकून बसायचा, मांडीवर काठी. सगळं गाव उन्हाने बंद दाराआड गेलेलं, वर पत्रा तडतडतोय, खाडीवरून गरम वारा, आणि हा नामदेवच्या दाराकडे टक लावून. नामदेव एकदा लघवीला बाहेर पडला तर आबा खाटेवरून अर्धा उठला. असे बरेच दिवस गेले. ओट्यावरून कोणी आत गेलं नाही, कुत्रंही नाही. पण संध्याकाळी गोणपाट उचलला की भुकटी आहेच, कालच्यापेक्षा जास्त. मग दुसरी धामण मेली. दुपारी ती रांजणाच्या तोंडाशी चढलेली होती, तोंड वासून. आबाने तिला बाहेर काढलं, पाण्यात धरलं, पण तिने मान टाकली. शेवंती तळाशी होती, जिवंत, पण हात लावला तरी फुत्कार नाही.

त्या दिवसापासून घराचं वातावरण बदललं. बाहेरून कोणी आलं नाही म्हणजे हात घरातला. हे कोणी मोठ्याने बोललं नाही, पण मला पेज वाढताना आई माझ्याकडे बघेना. आबा माझ्या कारखान्यातून आणलेल्या डब्याचं झाकण उघडून वास घेऊ लागला. त्याच्या मनात सरळ हिशोब तयार झालेला. सुनेला साप नकोत, नवरा भुकटीच्या कारखान्यात, रांजणाला रोज हात तिचा. आत्या तर मथुरा विहिरीवर गेली की मागून जायची. मीसुद्धा एकदा मथुराच्या ट्रंकेत बघितलं. का बघू नये? माझ्या बापाचे साप मरत होते. ट्रंकेत दोन साड्या, आरसा आणि माहेरच्या नदीतला एक गुळगुळीत गोटा निघाला. ती दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, “गोटा नदीचा हाय. इषारी नाय.” आणि निघून गेली. आजही मला कोणी विश्वासाची माणसं वगैरे बोललं की मला तिचा तो आवाज आठवतो.

आबाने निर्णय सांगितला तो मला, तिला नाही. “तिला खरवलीला सोडून ये. पाऊस परला की बघू.” पहिल्याच उन्हाळ्यात नवी सून माहेरी पाठवली आणि पाऊस पडला की बघू म्हटलं, याचा अर्थ आमच्या गावात शेंबडं पोरही सांगेल. तिला परत कोणी आणणार नव्हतं. तिच्या बापाच्या घरी अजून दोन लग्नाच्या बहिणी होत्या, त्यांचंही त्यातच संपलं असतं. मी आबासमोर उभा राहून म्हटलं की मी कारखान्यातून काही आणलेलं नाही. तो म्हणाला, तू नसशील. ‘तू’वर जोर देऊन म्हणाला.

सकाळी मथुराने गाठोडं बांधलं. रडली नाही. आईच्या पाया पडली, आत्याच्या पाया पडली, आणि आबासमोर आली. आबा पडवीत रांजणापाशी उकिडवा बसलेला, शेवंतीवर हाताने पाणी शिंपत. मथुरा वाकली आणि तिथेच थांबली.

“मामा, जाते. एक इचारू?”

“इचार.”

“पानी प्यायचा माठ मातीचा. ह्यो रांजन बी मातीचा. दोगांना पानी मीच घालते. माठ गार लागतो, रांजन तापतो. माज्या हातात काय असतं तं दोनी तापले असते.”

आबाने रांजणावर हात ठेवला, मग उठून माठापाशी गेला, तिथे हात ठेवला. आत्या मागून म्हणाली, “आनि ती भुकटी? ती काय आभालातनं परते का गो?”

मथुराने गोणपाट बाजूला केला. भुकटी बोटावर घेतली. मला वाटलं आबाला दाखवते. तिने बोट तोंडात घातलं.

आईने झडप घालून तिचं मनगट धरलं, पण उशीर झालेला. ड्रमावरची कवटी माझ्या डोळ्यासमोर. आत्या म्हणत होती, थुक गो, थुक आधी. मथुराने गिळलं. तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, “मीठ हाय.”

आई मनगट सोडेना तेव्हा पुन्हा म्हणाली, “मीठ. आपलंच.”

आबा रांजणापाशी आला. नखाने थोडी भुकटी खरवडली. आयुष्यभर मिठात काढलेला माणूस, एवढे दिवस ती भुकटी त्याच्या डोळ्यांसमोर होती आणि जिभेला लावायचं धाडस त्याला झालं नव्हतं. ते मीच कवटीच्या गोष्टीने घालवलेलं. आता त्याने ती जिभेवर ठेवली. सवयीने डोळे मिटले. मग डोळे न उघडताच म्हणाला,

“पलीकरच्या वाफ्यातलं हाय.”

गोणपाट पलीकडच्या वाफ्याचेच होते.

मग त्याच्या डोक्यात सगळं जुळत गेलं. मातीचं भांडं गार होतं ते पाणी बाहेर झिरपून वाऱ्याने सुकतं म्हणून. आम्ही मिठाचे गोणपाट गुंडाळले, त्यावर मचूळ पाणी ओतलं, आणि दुपारी ते सुकलं की मीठ मातीतच बसायचं. रांजणाची सगळी बारीक भोकं मिठाने बुजली. जितकं पाणी घालावं तितकी जास्त बुजत गेली. वरून पत्रा, खालून फरशी, आणि मधे तो बंद रांजण, म्हणजे भट्टीच. मथुराने एक फेरी जास्त मारली ती शेवंतीच्या जिवावर आलेली. हे दुसऱ्या कोणाच्या घरी घडलं नसतं. शेतकऱ्याने भाताचा गोणपाट घेतला असता, वाण्याने साखरेचा. आमच्याकडे मीठच होतं.

शेवंतीला वेळ नव्हता. आबाने प्यायचा माठ उचलला आणि घरातल्या हंड्या-कळशांत रिकामा केला. आत्याला कळलं तो काय करतोय, तिने हंडे झाकून बाजूला सरकवले. शेवंती प्यायच्या माठात गेली, तळाशी ओली वाळू, वर तिचं सैल वेटोळं. आता माठाला गुंडाळायला कापड पाहिजे. आई धोतर घेऊन आली, आबाने वास घेतला आणि फेकलं. आत्याचं लुगडं, माझा शर्ट, खाटेवरची वाकळ, सगळ्याला मीठ. त्या घरात मीठ न लागलेलं एकच कापड होतं आणि ते गाठोड्यात बांधलेलं होतं. आबा गाठोड्याकडे बघत राहिला. मागायला त्याला तोंड नव्हतं. मथुराने त्याला फार वेळ तसं ठेवलं नाही. खाली बसली, दाताने गाठ सोडली, माहेरच्या नदीत धुतलेली, इथे अजून न नेसलेली हिरवी साडी काढली आणि गोड्या पाण्याच्या हंड्यात बुडवली. माठाभोवती स्वतः गुंडाळली. साप आत असलेल्या भांड्याला तिने दोन्ही हातांनी कवटाळलं ते तेव्हा पहिल्यांदा.

दुपारपर्यंत माठ गार पडला. आबाने मला बोलावून हात घालायला लावला. विहिरीच्या दगडासारखं होतं. संध्याकाळी शेवंतीने जीभ काढली.

आबाने माफी वगैरे मागितली नाही, आमच्यात बाप सुनेची माफी मागत नव्हते. पण दुसऱ्या दिवशी त्याने पहारीने पडवीतली एक फरशी उखडली, खड्डा केला, माठ अर्धा पुरला. त्या लाडक्या पत्र्यावर भाताचा पेंढा टाकला आणि लोकांना काठीने वाजवून दाखवायचं बंद झालं. गोडं पाणी तो स्वतः आणू लागला, डोक्यावर हंडा घेऊन, गावातल्या बाया हसायच्या. पहिला गडू मथुराला द्यायचा, मग माठाला, मग आम्हाला. नामदेवकडे मात्र तो मरेपर्यंत संशयानेच बघायचा. त्याला सवय झालेली. शेवंती पुढे काही वर्षं जगली, मग आबाने तिला खडवलीच्या डोंगराकडे सोडून दिली, आणि सोडायला मथुराही गेली होती. गाठोडं मात्र तिने पुन्हा कधी बांधलं नाही. माहेरी जाताना पिशवी न्यायची, तीही अर्धी रिकामी, मुद्दाम सगळ्यांना दिसेल अशी.

ती गेल्यापासून मी माणसांवर जास्तच संशय घेतो, मुलगा म्हणतो. घेतो. हॉस्पिटलमध्ये तिच्या खोलीचा एसी इतका गार ठेवलेला की मी तीनदा जाऊन सांगितलं, तिचे हात बर्फ झालेत. ते म्हणाले, बाबा, मशीनला गार लागतं. मशीनला. मी तिच्या हातावर हात ठेवून बसलो, त्याने जेवढं होतं तेवढं.

घरात अजून माठ आहे, तिचा. फ्रिज असताना कशाला, असं सून म्हणते, पण काढत नाही. माठाला ओलं फडकं मी गुंडाळतो. त्या हिरव्या साडीचा शेवटचा तुकडा आहे तो, जाळीसारखा झालाय. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरचं पाणी येतं, कुठलं आणतात देव जाणे. परवा फडकं काढलं तर माठाच्या पोटावर पांढरं दिसलं. मी बोटाने घेतलं आणि जिभेला लावलं. मागे वळलो तर सून दारात उभी. तिची नजर मी ओळखली, आमच्या घरात एक पूर्ण उन्हाळा मी ती बघितलीय. आता रात्री नवऱ्याला सांगणार, बाबांचं काहीतरी बिघडलंय.

सांगू दे. मीठ नव्हतं ते, टँकरच्या पाण्याचा क्षार, चुन्यासारखा. मी पुन्हा एकदा लावून बघितलं, आणि मग भोकं बुजायच्या आत माठ रिकामा करून फिल्टरच्या पाण्याने भरायला घेतला.